कर्नेल नव्याने कंपाइल केल्यावर लॅपटॉपचं वायफाय कार्ड गायब (उबुंटू २४.०४, कर्नेल ६.१२)

सिडकोवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. उबुंटू २४.०४ वर कर्नेल (लिनक्सचा गाभा) ६.१२ सोर्सवरून बांधलं आहे. क्रम असा: मेक डेफकॉन्फिग (कर्नेलची मूळ ठरलेली सेटिंग्ज), मग मेक मेन्यूकॉन्फिग (त्यात इंटेल वायफायसमोर तारा), मेक -जे४, सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल, सुडो मेक इन्स्टॉल. नवं कर्नेल उठतं, डेस्कटॉप येतो, पण वायफायचं चिन्हच नाही. ग्रबमधून (सुरू होतानाचा कर्नेल निवडायचा मेन्यू) जुनं ६.८ निवडलं की वायफाय लगेच चालू होतं, म्हणजे कार्ड जिवंत आहे.

नव्या कर्नेलवर एलएसपीसीआय -एनएनके (कार्डांची आणि त्यांच्या ड्रायव्हरची यादी) असं सांगतं:

नेटवर्क कंट्रोलर: इंटेल वायरलेस ८२६५ [८०८६:२४एफडी]
इथरनेट कंट्रोलर: रिअलटेक [१०ईसी:८१६८], कर्नेल ड्रायव्हर इन यूज: आर८१६९

इंटेलखाली ड्रायव्हरची ओळच नाही. डीमेस्गमध्ये (कर्नेलच्या नोंदी, चौकोनी कंसात बूटपासूनचे सेकंद) हे:

[१.८७] आयडब्ल्यूएलवायफाय: डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३६.यूकोड फेल्ड विथ एरर -२
(मग ३५, ३४ असं खाली खाली जातं, आणि शेवटी)
[१.८८] आयडब्ल्यूएलवायफाय: नो सूटेबल फर्मवेअर फाउंड!

वायरच्या पोर्टचा दिवा लागतो. पण सिंहस्थाच्या कामासाठी आमच्या गल्लीत खोदकाम चालू आहे, फायबर तुटलीय, त्यामुळे ते पोर्ट चालतंय की नाही हे कळायला मार्ग नाही. फोनचं यूएसबी टेदरिंग जुन्या कर्नेलवर चालतं, नव्यावर नाही.

(कमांड देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना रोमन, लहान अक्षरं.)

---

चुलीवरची_मिसळ

फायबर तुटली तरी पोर्ट तपासता येतं की. राउटर चालू ठेवा, केबल लावा आणि आयपी -बीआर अ‍ॅड्रेस बघा. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता मिळाला तर कार्ड, ड्रायव्हर, केबल तिन्ही ठीक. पत्ता राउटर देतो, त्याला बाहेरचं इंटरनेट लागत नाही.

दुसरं, आरएफकिल लिस्ट चालवून बघा. "हार्ड ब्लॉक्ड: येस" असेल तर कीबोर्डवरची विमानाची कळ किंवा बाजूचा स्विच. तुमच्याकडे ते कारण वाटत नाही, पण दहा सेकंदांचं काम आहे.

---

पांडवलेणी

कारण तुमच्या डीमेस्गमध्येच आहे. एरर -२ म्हणजे "फाइल सापडली नाही". कार्ड दिसलं, ड्रायव्हर (आयडब्ल्यूएलवायफाय) जागा झाला, त्याने फर्मवेअर (कार्डात चढवायचा कार्डाचा स्वतःचा प्रोग्राम) मागितलं, ते मिळालं नाही म्हणून ड्रायव्हरने कार्ड सोडून दिलं. म्हणूनच "ड्रायव्हर इन यूज" ओळ नाही.

आता वेळ बघा. १.८७ सेकंद. त्याच डीमेस्गमध्ये "ईएक्सटी४-एफएस माउंटेड" ही ओळ शोधा, ती नक्कीच याच्यानंतरची असणार. मेन्यूकॉन्फिगमध्ये तारा म्हणजे =वाय, म्हणजे ड्रायव्हर कर्नेलच्या पोटातच. तो डिस्क माउंट व्हायच्या आधी उठतो आणि /लिब/फर्मवेअर उघडायला जातो. त्या क्षणी फक्त इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती फाइलसिस्टिम) असतं, आणि त्यात वायफायचं फर्मवेअर नसतं. अपडेट-इनिटरॅमएफएस त्याच मॉड्यूल्सचं (वेगळ्या फाइलीत ठेवलेले, लागेल तेव्हा चढणारे ड्रायव्हर) फर्मवेअर आत घेतं जी मॉड्यूल्स त्याने स्वतः आत घेतली आहेत. पोटातल्या वायफाय ड्रायव्हरसाठी ते काही घेत बसत नाही.

उपाय सरळ आहे. ड्रायव्हर =एम, म्हणजे मॉड्यूल करा. मॉड्यूल असेल तर यूडेव्ह (हार्डवेअर दिसलं की त्याचं मॉड्यूल चढवणारा) त्याला डिस्क माउंट झाल्यावर उचलतो.

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --मॉड्यूल आयडब्ल्यूएलवायफाय
मेक ओल्डडेफकॉन्फिग
मेक -जे४
सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल
सुडो मेक इन्स्टॉल

(पहिल्या ओळीत शेवटचं नाव मोठ्या अक्षरांत.) मेक क्लीन करू नका, जे बदललं तेवढंच पुन्हा बांधलं जातं, काही मिनिटांत होतं.

इनिटरॅमएफएस अजिबात न वापरणारे लोक फर्मवेअर कर्नेलमध्येच शिवून टाकतात. त्यासाठी कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर मध्ये फाइलचं नाव आणि कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअर_डीआयआर मध्ये /लिब/फर्मवेअर. त्याला उघडी, न दाबलेली फाइल लागते. रोजच्या लॅपटॉपला त्या वाटेला जायचं काही कारण नाही.

आणि जुनं ६.८ काढून टाकू नका. सध्या तोच तुमचा इंटरनेटचा रस्ता आहे.

---

सिडकोवाला

राउटरकडून पत्ता मिळाला, १९२.१६८.१ मधला. म्हणजे आर८१६९ ठीक.

वायफाय =एम केलं, बांधलं, रीबूट केलं. आता ओळ [६.४०] सेकंदाला येते, म्हणजे डिस्क माउंट झाल्यानंतर. पण एरर तीच, -२. आणि फाइल तर जागेवर आहे:

एलएस /लिब/फर्मवेअर | ग्रेप ८२६५-३६
आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३६.यूकोड.झेडएसटी

---

पांडवलेणी

शेवटची तीन अक्षरं बघा. झेडएसटी.

उबुंटू २४.०४ फर्मवेअर झेडस्टँडर्डने दाबून ठेवतं. कर्नेल आधी उघडी फाइल शोधतं, ती नसली तरच दाबलेली बघतं, आणि तेही त्याला दाबलेली फाइल उघडता येत असेल तरच. एक्सझेडची सोय कर्नेल ५.३ पासून आहे, झेडएसटीची ५.१९ पासून. दोन्ही कॉन्फिगमधून मुद्दाम चालू करावी लागतात. उबुंटूच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये त्या असतात, डेफकॉन्फिगमध्ये नसतात. म्हणून जुन्या कर्नेलला तीच फाइल दिसते आणि नव्याला दिसत नाही. एररही "दाबलेली फाइल वाचता येत नाही" असं म्हणत नाही, सरळ -२ देते. लोक इथेच फर्मवेअरचं पॅकेज काढून पुन्हा टाकत बसतात.

निदान खरं की खोटं हे कंपाइल न करता बघता येतं:

सीडी /लिब/फर्मवेअर
सुडो झेडएसटीडी -डी आयडब्ल्यूएलवायफाय-८२६५-३६.यूकोड.झेडएसटी
सुडो मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलवायफाय
सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय
सुडो डीमेस्ग | टेल -२०

झेडएसटीडी मूळ फाइल तशीच ठेवतो. हेच एक्सझेड -डी ने केलं असतं तर मूळ फाइल गेली असती, त्याला -के द्यावं लागतं.

कायमचा उपाय: मेन्यूकॉन्फिग, डिव्हाइस ड्रायव्हर्स, जेनेरिक ड्रायव्हर ऑप्शन्स, फर्मवेअर लोडर. त्यात कॉम्प्रेस्ड फर्मवेअर सपोर्ट आणि त्याच्या खालचं झेडएसटी. नाव कॉन्फिग_एफडब्ल्यू_लोडर_कॉम्प्रेस_झेडएसटी. हा भाग मॉड्यूल नाही, मुख्य कर्नेलचा आहे, म्हणून मेक इन्स्टॉल आणि रीबूट दोन्ही हवेत. नुसतं मॉड्यूल्स_इन्स्टॉल करून काही बदलणार नाही.

जाता जाता. डेफकॉन्फिगमध्ये स्क्वॉशएफएस (दाबलेली फाइलसिस्टिम) नसतं, आणि उबुंटूचा फायरफॉक्स स्नॅप पॅकेज आहे, म्हणजे स्क्वॉशएफएसवर चालतो. वायफाय आल्यावरही तो उघडला नाही तर ते नेटवर्कचं दुखणं समजू नका.

---

सिडकोवाला

फायरफॉक्स खरंच उघडत नाही, ते वेगळं प्रकरण आहे हे आत्ता कळलं. :)

फाइल उघडून मॉडप्रोब केलं. आता डीमेस्गमध्ये:

लोडेड फर्मवेअर व्हर्जन ३६... ऑप_मोड आयडब्ल्यूएलएमव्हीएम

एलएसपीसीआयमध्येही "ड्रायव्हर इन यूज: आयडब्ल्यूएलवायफाय" आलं. पण आयपी -बीआर लिंक मध्ये फक्त एलओ (अंतर्गत) आणि ईएनपी२एस० (वायरचं पोर्ट). वायफायचा इंटरफेस अजून नाही.

---

द्राक्षबाग

तुम्ही चिकटवलेल्या ओळीतला शेवटचा शब्द वाचा. ऑप_मोड आयडब्ल्यूएलएमव्हीएम. ते मॉड्यूल बांधलंय का?

ग्रेप आयडब्ल्यूएल .कॉन्फिग (मधलं नाव मोठ्या अक्षरांत)

इंटेलचा ड्रायव्हर दोन तुकड्यांत आहे. आयडब्ल्यूएलवायफाय कार्डाशी बोलतो आणि फर्मवेअर चढवतो. खरं वायफाय, म्हणजे मॅक८०२११ शी (कर्नेलमधला वायफायचा सामाईक भाग) जोडून इंटरफेस उभा करणं, हे दुसऱ्या तुकड्याचं काम. जुन्या कार्डांना डीव्हीएम, ७००० मालिकेपासून पुढच्यांना एमव्हीएम. ८२६५ ला एमव्हीएमच लागतं.

दोन्ही बंद असतील तर मेन्यूकॉन्फिग तिथेच इशारा छापतो की यांच्याशिवाय आयडब्ल्यूएलवायफायचा उपयोग नाही. दोघांपैकी एक जरी निवडलेलं असलं तर तो इशारा येत नाही. माझा अंदाज, तुमच्याकडे डीव्हीएम आहे.

---

सिडकोवाला

बरोबर. आयडब्ल्यूएलडीव्हीएम=एम, आणि आयडब्ल्यूएलएमव्हीएम "इज नॉट सेट".

---

द्राक्षबाग

मग एवढंच:

स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --मॉड्यूल आयडब्ल्यूएलएमव्हीएम
मेक ओल्डडेफकॉन्फिग
मेक -जे४
सुडो मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल
सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलएमव्हीएम

वर सांगितलेलं झेडएसटी याच फेरीत चालू करून घ्या, म्हणजे सोबत मेक इन्स्टॉल आणि एकच रीबूट. नंतर /लिब/फर्मवेअर मधली उघडलेली फाइल काढून टाका. ती राहिली तर कर्नेल तीच आधी उचलेल, आणि उद्या पॅकेजमधून नवी झेडएसटी आली तरी जुनीच वापरत राहील.

बांधण्याआधी मेक कर्नेलरिलीज आणि रीबूटनंतर यूनेम -आर, दोन्हीकडे एकच नाव येतंय ना ते ताडून बघा. गिटमधून घेतलेल्या सोर्समध्ये नावाच्या शेपटाला अधिकचं चिन्ह किंवा कमिटचा क्रमांक लागतो, तो बदलला की मॉड्यूल्स /लिब/मॉड्यूल्स खाली दुसऱ्याच नावाच्या फोल्डरमध्ये जातात. मग मॉडप्रोब म्हणतो "मॉड्यूल नॉट फाउंड" आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो.

---

चुलीवरची_मिसळ

टेदरिंगचं राहिलं. त्याला कॉन्फिग_यूएसबी_यूएसबीनेट आणि कॉन्फिग_यूएसबी_नेट_आरएनडीआयएस_होस्ट लागतं. काही नवे अँड्रॉइड फोन एनसीएम (टेदरिंगची दुसरी पद्धत) वापरतात, त्यांना सीडीसी_एनसीएम. आयफोनला आयपीहेथ. चारही =एम करून ठेवा, वापरात नसताना मेमरी खात नाहीत. नव्या कर्नेलवर वायफाय रुसलं तर हाच एक दोर हाती असतो.

तोवर एम.जी. रोडवर जाऊन एखादा यूएसबी वायफाय डोंगल आणला तरी चालेल.

---

पांडवलेणी

डोंगलने इथे काही साधत नाही हो. नव्या कर्नेलमध्ये त्याचाही ड्रायव्हर बांधलेला हवा, बहुतेकांना फर्मवेअरही हवं, आणि तेही झेडएसटीमध्येच दाबलेलं. म्हणजे तोच खड्डा, फक्त पैसे देऊन.

तरी कुणाला घ्यायचाच असेल तर डब्यावरच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली आतली चिप बदललेली असते. दुकानातच जोडून एलएसयूएसबी बघा. ०सीएफ३:९२७१ म्हणजे अथेरॉसची एआर९२७१, ड्रायव्हर एटीएच९के_एचटीसी. १४८एफ:७६०१ म्हणजे मीडियाटेकची एमटी७६०१यू, कर्नेल ४.२ पासून आत आहे. दोन्ही फक्त २.४ गिगाहर्ट्झवाल्या, वेग बेताचा, पण बाहेरून ड्रायव्हर आणावा लागत नाही. "सीडीत लिनक्स ड्रायव्हर आहे" असं दुकानदार म्हणाला तर तो डोंगल परत ठेवा.

---

अंबड_लिंक_रोड

धाग्यात घुसतोय. माझं उलट झालंय. तेच रिअलटेक इथरनेट, १०ईसी:८१६८. आर८१६९ =वाय होतं तेव्हा चालत होतं. इथलं वाचून सगळे नेटवर्क ड्रायव्हर =एम केले आणि इथरनेट गेलं. एलएसपीसीआय "कर्नेल मॉड्यूल्स: आर८१६९" दाखवतं, पण "इन यूज" नाही. हाताने मॉडप्रोब केलं की लगेच चालतं.

---

पांडवलेणी

हाताने चालतं आणि आपोआप उठत नाही म्हणजे ब्लॅकलिस्ट. ग्रेप -आर आर८१६९ /ईटीसी/मॉडप्रोब.डी चालवा. पूर्वी कधी आर८१६८-डीकेएमएस पॅकेज टाकलं होतं का? (डीकेएमएस म्हणजे दर कर्नेलसाठी बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधणारी सोय.) ते रिअलटेकचा स्वतःचा ड्रायव्हर बसवतं आणि कर्नेलमधल्या आर८१६९ ला ब्लॅकलिस्ट करतं. ब्लॅकलिस्ट फक्त मॉड्यूलच्या आपोआप उठण्याला लागू होते. पोटातल्या ड्रायव्हरला ती लागत नाही, म्हणून =वाय असताना तुम्हाला पत्ता लागला नाही.

डीकेएमएस स्टेटस बघा. नव्या कर्नेलच्या नावापुढे "इन्स्टॉल्ड" नसेल तर आर८१६८ या कर्नेलसाठी बांधलंच गेलेलं नाही आणि आर८१६९ ला बंदी आहे. दोन्ही दारं बंद.

आर८१६९ वर चालत असेल तर दुसरं ठेवू नका. पॅकेज पर्ज करा, साधं रिमूव्ह केलं तर ब्लॅकलिस्टची फाइल मागे राहते.

---

अंबड_लिंक_रोड

आर८१६८-डीकेएमएस.कॉन्फ सापडली. पर्ज केलं, अपडेट-इनिटरॅमएफएस -यू केलं, रीबूटनंतर आपोआप चालू. पण आता डीमेस्गमध्ये "रिअलटेक.केओ नॉट लोडेड, मेबी इट नीड्स टू बी अ‍ॅडेड टू इनिटरॅमएफएस?" अशी ओळ आहे आणि कधीकधी पोर्ट उठत नाही.

---

द्राक्षबाग

आर८१६९ ला आता पीएचवायचं (केबलचा सिग्नल हाताळणाऱ्या चिपचं) वेगळं मॉड्यूल लागतं, रिअलटेक नावाचं. आर८१६९ इनिटरॅमएफएसमधून लवकर उठतं आणि रिअलटेक अजून डिस्कवर असतं, अशी चुकामूक होते. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलमध्ये "रिअलटेक" अशी एक ओळ घाला आणि अपडेट-इनिटरॅमएफएस -यू. एवढ्यावर भागतं.

आरटीएल_एनआयसी फोल्डरमधली फर्मवेअर फाइल सापडली नाही अशी ओळही दिसेल. त्याने घाबरू नका, बहुतेक चिप त्याशिवायही लिंक देतात.

---

गोदाघाट

माझं वायफाय कार्ड रिअलटेकचं आरटीएल८८२१सीई, १०ईसी:सी८२१. जुना बाहेरचा डीकेएमएस ड्रायव्हर ६.१२ वर बांधलाच जात नाही. उपाय?

---

द्राक्षबाग

बाहेरचा सोडा. ५.९ पासून कर्नेलमधल्या आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हरमध्ये ही चिप आहे. कॉन्फिग_आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई =एम, फर्मवेअर आरटीडब्ल्यू८८ फोल्डरमध्ये. वेग अडखळत असेल किंवा कार्ड अधूनमधून गायब होत असेल तर /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक फाइल करून "ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१" लिहा, म्हणजे कार्डाची वीजबचत बंद. बॅटरी थोडी जास्त खाईल.

सोबत विंडोज असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते कार्ड अर्धवट झोपलेल्या अवस्थेत सोडतं आणि लिनक्सला ते नीट उठवता येत नाही.

---

सिडकोवाला

वायफाय आलं. डब्ल्यूएलपी१एस० दिसतंय, झेडएसटीही चालू, उघडलेली फाइल काढली, तरी चालतंय. पांडवलेणी आणि द्राक्षबाग, दोघांचे आभार.

आता प्रश्न असा की अशी एकेक वस्तू हुडकत बसण्यापेक्षा सुरुवात कुठून करायला हवी होती?

---

पांडवलेणी

चालणाऱ्या कर्नेलच्या कॉन्फिगवरून. जुन्या ६.८ मध्ये असताना:

सीपी /बूट/कॉन्फिग-६.८(पुढचं पूर्ण नाव) .कॉन्फिग
मेक ओल्डडेफकॉन्फिग

उबुंटूची कॉन्फिग घेतली की बांधताना "नो रूल टू मेक टार्गेट डेबियन/कॅनॉनिकल-सर्ट्स.पेम" म्हणून अडतं. कारण ती सर्टिफिकेटं उबुंटूच्या सोर्समध्ये असतात, मूळ सोर्समध्ये नाहीत. स्क्रिप्ट्स/कॉन्फिग --डिसेबल ने सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज दोन्ही बंद करा.

तेवढ्यावर बांधलंत तर हजारो मॉड्यूल्स बांधली जातील, जुन्या दोन कोरच्या लॅपटॉपवर कित्येक तास. म्हणून वर मेक लोकलमॉडकॉन्फिग करतात. ते एलएसमॉड बघून आत्ता चालू असलेली मॉड्यूल्स ठेवतं, बाकी काढतं. इथे सावध. त्या क्षणी जे जोडलेलं नाही ते जाईल. पीसीआय कार्डं केबल नसली तरी चालू असतात, ती राहतात. यूएसबीची वस्तू मात्र जोडलेली नसेल तर तिचा ड्रायव्हर गेला. म्हणून आधी फोन जोडून टेदरिंग चालू करा, पेनड्राइव्ह, प्रिंटर, वेबकॅम, जे काही वापरता ते लावा, मग कमांड द्या. वायफाय कार्डाचं मॉड्यूल हाताने काढून ठेवलेलं असेल तर तेही आधी परत चढवा.

सिक्युअर बूट बंद आहे हे गृहीत धरतोय, नाहीतर तुमचं बिनसहीचं कर्नेल उठलंच नसतं. तो चालू ठेवायचा असेल तर सही आणि मोकयूटिलचं (सहीची किल्ली नोंदवायचं साधन) वेगळं प्रकरण आहे, त्यासाठी नवा धागा काढा.

---

अंबड_लिंक_रोड

उबुंटूच्या कॉन्फिगवरून बांधलं तर इनिटरॅमएफएस शेकडो एमबीचं झालं आणि /बूट भरलं. अपडेट-इनिटरॅमएफएस "नो स्पेस लेफ्ट" म्हणून अर्ध्यात थांबलं.

---

द्राक्षबाग

डीबगची माहिती मॉड्यूल्समध्ये तशीच जातेय. सुडो मेक इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ मॉड्यूल्स_इन्स्टॉल (समान चिन्हाच्या आधीचं नाव मोठ्या अक्षरांत). कर्नेल हॅकिंगच्या मेन्यूत डीबग इन्फर्मेशन बंदच केली तर बांधायला जागा आणि वेळ दोन्ही कमी लागतात.

अर्धवट लिहिलेलं इनिटरॅमएफएस तसंच ठेवून रीबूट करू नका. आधी /बूट मधून त्याच कर्नेलची इनिटआरडी (म्हणजे इनिटरॅमएफएसचीच) फाइल काढा, स्ट्रिप करून मॉड्यूल्स पुन्हा बसवा, मग अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के आणि पुढे यूनेममध्ये दिसतं ते पूर्ण नाव. शेवटी अपडेट-ग्रब.

---

अंबड_लिंक_रोड

झालं. /बूटमध्ये आता तिसरं कर्नेल बसेल एवढी जागा उरली आहे.